गुन्ह्याआधीची अटक आणि शेतकऱ्याचा मुचलका

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे एकेका दिवसाचे मोल किती असते, हे या मासिकाच्या वाचकांस सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्या देगलूर तालुक्यातील काळ्या जमिनीत तो दिवस हुकला तर तिफण पुन्हा केव्हा धरता येईल याचा नेम नसतो. अशा दिवशी पहाटे दारात पोलिसांची गाडी उभी राहावी, "साहेबांनी बोलाविले आहे, चला" एवढेच सांगण्यात यावे, दिवसभर ठाण्याच्या ओसरीवर बसवून ठेवावे, सायंकाळी तहसील कचेरीत नेऊन एका छापील कागदावर सही घ्यावी, आणि मग घरी जावयास सांगावे. गुन्हा कोणता, असे विचारले तर उत्तर मिळते की गुन्हा काही नाही. उद्या तो तुमच्या हातून घडण्याचा संभव होता.

असा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे असे शेतकरी मराठवाड्यात थोडे नाहीत. कोणी पीकविम्याच्या रकमेसाठी, कोणी सोयाबीनच्या भावासाठी, कोणी धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी मोर्चा काढावयाचे ठरविले, आणि मोर्चाच्या आदल्या रात्रीच त्यास उचलण्यात आले. यास्तव, आंदोलन करू इच्छिणाऱ्यास गुन्हा घडण्यापूर्वीच पोलिसांनी धरावे किंवा कसे, हा प्रश्न आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोचला आहे. प्रस्तुत लेखकाने महसुली नोकरीत कारकून म्हणून जी वर्षे काढली, त्यांपैकी बरीच अशा मुचलक्यांचे कागद तयार करण्यात गेली. कायद्याचे शिक्षण आम्हांस नाही. परंतु जो कागद हजारदा हातांतून गेला त्याची परीक्षा करण्यास वकिलीची सनद लागत नाही, असे समजून हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

कायद्याची भाषा

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. गुन्हा घडण्याआधी माणसास धरण्याची सत्ता नवी नाही. इंग्रजी अमलात १८९८ साली झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती होती. स्वराज्य आल्यावर १९७३ साली नवी संहिता झाली, तीतही ती जवळजवळ त्याच क्रमांकांनी राहिली. कलम १०७, १४४, १४९ व १५१ हे आकडे त्यामुळे खेड्यापाड्यांतही तोंडपाठ झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तीत १०७ चे १२६, १४४ चे १६३, १४९ चे १६८ आणि १५१ चे १७० झाले. आकडे बदलले, आशय बहुतांशी तोच राहिला.

यांपैकी कलम १७० हे आपल्या विषयाचे मूळ होय. दखलपात्र गुन्हा करण्याचा कोणाचा बेत आहे असे पोलीस अधिकाऱ्यास माहीत झाले, आणि त्यास अटक केल्यावाचून तो गुन्हा टळणार नाही असे त्यास दिसून आले, तर वॉरंटाशिवाय व दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय त्यास अटक करता येते. मात्र अन्य कायद्याचा आधार नसेल तर चोवीस तासांपलीकडे ठेवता येत नाही. येथे दोन अटी आहेत व त्या दोन्ही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. बेत माहीत असला पाहिजे, आणि अटकेवाचून दुसरा उपाय उरलेला नसला पाहिजे. नुसता संशय पहिल्या अटीस पुरत नाही; नुसती सोय दुसऱ्या अटीस पुरत नाही. जुन्या १५१ कलमास महाराष्ट्राने एक जोड दिली होती, तिच्या आधारे दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने अधिक दिवस अडकवून ठेवता येत असे. नव्या संहितेच्या केंद्राने केलेल्या मूळ पाठात ती जोड नाही.

कलम १२६ हे शांतता राखण्याच्या मुचलक्याचे. एखाद्या इसमाकडून शांततेचा भंग होण्याचा संभव आहे अशी खबर कार्यकारी दंडाधिकाऱ्यास मिळाली, तर त्याने त्या इसमास बोलावून एक वर्षापर्यंतचा मुचलका का घेऊ नये याचे कारण विचारावयाचे असते. खबरीचा सारांश लेखी द्यावा, चौकशी करावी, साक्षीपुरावा घ्यावा आणि मग हुकूम करावा, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. कचेरीच्या बोलीत यास 'चॅप्टर केस' म्हणतात.

राष्ट्रीय सुरक्षेच्या किंवा तत्सम कायद्याखाली महिनोन्‌महिने स्थानबद्ध करणे ही गोष्ट याहून वेगळी. तीत सल्लागार मंडळ वगैरे निराळी व्यवस्था असते. येथे विचार चालला आहे तो एका रात्रीच्या अटकेचा व एका सहीच्या मुचलक्याचा. ही अटक लहान असते म्हणूनच तिजकडे कोणी पाहत नाही, आणि कोणी पाहत नाही म्हणूनच ती सहज केली जाते.

एक यादी

एक प्रसंग सांगतो. कचेरी कोणती व साल कोणते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. एका मोठ्या पाहुण्यांचा दौरा तालुक्यात व्हावयाचा होता. त्या वर्षी अतिवृष्टीचे अनुदान रखडले होते, आणि काही गावांतील शेतकरी काळे झेंडे दाखविणार अशी बोलवा होती. दौऱ्याच्या दोन दिवस आधी ठाण्याकडून अकरा इसमांचा प्रस्ताव आला. अकरा जणांविरुद्ध अकरा अर्ज, आणि अकराही अर्जांतील मजकूर अक्षरशः एकच: सदर इसम हा भांडखोर व खुनशी प्रवृत्तीचा असून त्याच्याकडून सार्वजनिक शांततेस धोका पोहोचण्याचा दाट संभव आहे. मोकळी जागा फक्त नावापुरती; तीत नाव शाईने भरलेले.

माझे काम नावे रोजनाम्यात चढविण्याचे. सातव्या नावाशी लेखणी थांबली. ते नाव मला ओळखीचे वाटले. ओळखीचे असण्याचे कारण असे की, त्या गृहस्थांच्या वारसांची नोंद करण्याचा फेरफार वर्षभरापूर्वी माझ्याच टेबलावरून गेला होता. ते मयत झाले होते. त्यांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोमुलांची नावे लागली होती, आणि इकडे ते स्वतः भांडखोर व खुनशी प्रवृत्तीचे ठरून परवा सकाळी शांततेचा भंग करणार होते. कोठल्या तरी जुन्या आंदोलनाची यादी नवी तारीख घालून पुढे पाठविली गेली, हे उघड होते.

मी वरिष्ठांस दाखविले. ते हसले व म्हणाले, "भाऊसाहेब, एवढे एक वगळा." मी ते नाव वगळले. राहिलेल्या दहा जणांस दुसऱ्या दिवशी आणले, मुचलके लिहून घेतले व सायंकाळी सोडले. त्यांतील एक वृद्ध गृहस्थ मला विचारीत होते, "माझ्यावर आरोप तरी काय लिहिला आहे, तेवढे वाचून दाखवा." मी वाचून दाखविले. ते म्हणाले, "बाळा, मी खुनशी आहे हे तुला कोणी सांगितले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या वेळी जी गोष्ट माझ्या लक्षात यावयास हवी होती ती पुष्कळ वर्षांनी आली. मयताविषयी लिहिलेले वाक्य खोटे आहे हे मला कळले, कारण तो मयत होता. परंतु तेच वाक्य तसेच्या तसे उरलेल्या दहांविषयी लिहिलेले होते. जो मजकूर मेलेल्या माणसास लागू पडतो तो जिवंत माणसाविषयी काहीच सांगत नाही, हे समजण्यास फारशी बुद्धी नको होती. मी एक नाव वगळून समाधान मानले आणि दहा नावांविषयी टिपण लिहिले नाही.

निजामी अमदानीतील दाखला

आंदोलन होण्याआधीच ते मोडावयाचे, ही रीत आमच्या भागाने फार पूर्वी अनुभविली आहे. देगलूर, नांदेड, लातूर हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९२९ साली निघालेली ५३ क्रमांकाची गश्ती प्रसिद्ध आहे. तिच्यामुळे जाहीर सभेस आधी सरकारी परवानगी घ्यावी लागे. सभेत काय बोलले गेले यावरून कारवाई करण्याऐवजी, काय बोलले जाईल या भीतीने सभाच अडविण्याची ही तजवीज होती.

याचा कळस १९३८ साली झाला. हैदराबाद स्टेट काँग्रेस या संस्थेची अद्याप रीतसर स्थापना व्हावयाची होती. तिने एक सभा भरविली नव्हती की एक ठराव अमलात आणला नव्हता. तरी त्या वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने तिजवर बंदी घातली. जन्मण्याआधीच शिक्षा झालेली ती संस्था होय. परिणाम काय झाला? २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. मराठवाड्यातील शिक्षक, वकील, विद्यार्थी व शेतकरी तुकड्यातुकड्यांनी तुरुंगात गेले. स्वामी रामानंद तीर्थ यांचाही कारावास तेथूनच सुरू झाला. बंदी १९४६ पर्यंत टिकली. संस्था मात्र बंदीखालीच वाढली, आणि दहा वर्षांनी संस्थानच राहिले नाही.

ब्रिटिश मुलखातील दाखला याहून बोलका आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. गांधीजी त्यानंतर व्हाइसरॉयांशी बोलणी करणार होते. चळवळीचा कार्यक्रम अजून जाहीर व्हावयाचा होता. ९ तारखेच्या पहाटेसच गांधीजींस व कार्यकारिणीच्या सभासदांस पकडण्यात आले. गांधीजींस पुण्यास आगाखान वाड्यात आणि नेहरू, पटेल, आझाद इत्यादींस अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. ज्यांच्या शब्दावर लोक थांबले असते ते सर्व तुरुंगात गेले, आणि मग रूळ उखडणे, तारा तोडणे, ठाण्यांवर चालून जाणे हे प्रकार देशभर सुरू झाले. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, कासरा धरणारास आधी उतरवून दिले व मग बैल उधळले म्हणून तक्रार केली.

भीती खरी असते तेव्हा

तथापि पोलिसांची बाजू काहीच नाही असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. दंगा पेटल्यावर तो विझविण्यापेक्षा पेटू न देणे बरे, हे कोणीही शहाणा माणूस मान्य करील. शिवाय रस्ता अडविणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि रस्त्यात अडकलेल्या गाडीत प्रसूतीची बाई असू शकते. आंदोलन शेतकऱ्याचे असले म्हणून ते आपोआप निर्दोष ठरत नाही. २६ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीत ट्रॅक्टरांच्या मिरवणुकीतील काही जमाव ठरलेला मार्ग सोडून लाल किल्ल्यावर गेला व पोलीस जखमी झाले, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या कैवाऱ्यांनीही विसरू नये.

आपल्याच भागातील एक उदाहरण घ्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरास पाण्याचा अभूतपूर्व दुष्काळ पडला. टाक्यांवर व टँकर भरण्याच्या जागी मारामाऱ्या होतील या भीतीने मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाने त्या जागांभोवती पाचांहून अधिक लोकांनी जमू नये असा १४४ कलमाचा हुकूम काढला. या हुकमावर पुष्कळ टीका झाली. परंतु विचार केला असता त्यात तीन गोष्टी दिसतात. धोका समोर दिसत होता, जागा ठरावीक होती आणि मुदत ठरावीक होती. 'हा भांडखोर, तो खुनशी' अशी कोणाची यादी करून घरातून उचलण्याची त्यास गरज पडली नाही. आणि शेवटी लातूर शांत कशाने राहिले? १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी आली व पुढे येत राहिली. हुकमाने गर्दी पांगते. तहान पाण्याने जाते. गाऱ्हाणे खरे असेल तेथे बंदोबस्ताचे काम वेळ मिळवून देण्यापुरतेच आहे, आणि तो वेळ गाऱ्हाणे दूर करण्यात खर्च झाला तरच तो बंदोबस्त सार्थकी लागतो.

याच्या उलट दाखले पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये 'दिल्ली चलो'च्या आधी हरियाणात शेतकरी पुढाऱ्यांस रात्री घरांतून ताब्यात घेण्यात आले. मोर्चा थांबला नाही. तो दिल्लीच्या वेशीवर वर्षाहून अधिक काळ बसला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कायदे मागे घेण्यात आले. त्याच महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये सोयाबीन व कापसाच्या प्रश्नावर मंत्रालयावर जाण्याची घोषणा करणारे रविकांत तुपकर यांस बुलढाणा पोलिसांनी आधीच अटक केली. न्यायालयापुढे उभे केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि ते शेतकऱ्यांसह मुंबईस गेलेच. अटकेने सोयाबीनचा भाव वाढला नाही की आंदोलन टळले नाही.

हा रोग केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. ६ मे २०२३ रोजी लंडनमध्ये राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. त्या सकाळी राजेशाहीस विरोध करणाऱ्या 'रिपब्लिक' संस्थेचे ग्रॅहॅम स्मिथ व त्यांचे सहकारी फलक उतरवीत असताना त्यांस पकडण्यात आले. फलक बांधण्याचे पट्टे हे स्वतःस जखडून घेण्याचे साधन आहे असा संशय घेण्यात आला. जवळजवळ सोळा तास त्यांस कोठडीत ठेवले. मिरवणूक होऊन गेली. मग सोडले, खटला भरला नाही, आणि पोलिसांनी खेद व्यक्त केला. ज्या दिवशी बोलावयाचे तो दिवस गेल्यावर खेदाचा काय उपयोग? वाफसा गेल्यावर पाठविलेल्या बियाण्यासारखीच ती गोष्ट आहे.

मोर्चा चालू दिला तर

आता अडविले नाही तर काय होते, याचाही दाखला महाराष्ट्रात आहे. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून हजारो शेतकरी, विशेषतः वनजमिनी कसणारे आदिवासी, मुंबईकडे पायी निघाले. अंतर सुमारे १८० किलोमीटर. वाटेत संख्या वाढत गेली. एवढा जमाव राजधानीवर चालून येत आहे म्हणून पुढाऱ्यांस इगतपुरीसच पकडावे, असे कोणास वाटले असते तर त्यात आश्चर्य नव्हते. पोलिसांनी मार्ग मोकळा ठेवला व सोबत चालले. १२ मार्चला दहावीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा होती. मुलांची वाट अडू नये म्हणून मोर्चेकऱ्यांनी ११ तारखेच्या रात्री विश्रांती सोडली आणि शीवच्या मैदानावरून रातोरात चालत पहाटे आझाद मैदान गाठले. कित्येकांच्या तळपायांची सालटी निघाली होती. त्याच दिवशी सरकारने मागण्यांविषयी लेखी आश्वासन दिले. त्या आश्वासनाचे पुढे किती पालन झाले हा वेगळा विषय आहे. शांततेचा भंग झाला नाही, एवढे येथे पुरे.

हे घडले याचे कारण मोर्चास पुढारी होते, आणि त्या पुढाऱ्यांशी पोलिसांचे बोलणे चालू होते. आधीच अटक करणारे जे पहिले साधन मोडून टाकतात ते नेमके हेच.

न्यायालयांनी घातलेला बांध

या सत्तेस न्यायालयांनी बांध घातलेला आहे, आणि तो घालून घेण्यात एका मराठी माणसाचा हात आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. पुण्यात जन्मलेले समाजवादी पुढारी मधु लिमये बिहारमधील मुंगेर येथून लोकसभेवर निवडून जात. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्यांस लखीसराय रेल्वे स्थानकावर सहकाऱ्यांसह अटक झाली. अटकेची कारणे आपणांस सांगितली नाहीत अशी तक्रार त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे केली, आणि न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २२ चा आधार घेऊन त्यांची सुटका केली. पुढे १९७० साली त्यांच्याच दुसऱ्या खटल्यात १०७ व १४४ या कलमांची वैधता तपासण्यात आली. न्यायालयाने कलमे रद्द केली नाहीत. परंतु खबर खरी की खोटी याची चौकशी सुरू केल्यावाचून दंडाधिकाऱ्याने कोणाकडून मुचलका मागू नये, असे स्पष्ट सांगितले. २०११ साली दिल्लीच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने १५१ कलमाच्या वर सांगितलेल्या दोन अटी पुन्हा अधोरेखित केल्या, आणि त्या पुऱ्या न होता केलेली अटक मूलभूत हक्कांचा भंग ठरू शकते असे म्हटले.

म्हणजे कायदा अपुरा नाही. चौकशी हा कायद्याचा आत्मा आहे, आणि छापील नमुन्याने तोच काढून टाकला आहे.

एकच खुर्ची

ही चौकशी का होत नाही याचे एक कारण आमच्या खात्याच्या रचनेत आहे. १९७३ च्या संहितेने न्यायदानाचे काम न्यायिक दंडाधिकाऱ्यांकडे देऊन ते महसुली अधिकाऱ्यांपासून वेगळे केले. शांतता राखण्याच्या मुचलक्याचे प्रकरण मात्र कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेच राहिले. तालुक्यात कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे बहुधा तहसीलदार. आता पाहा, अतिवृष्टीचा पंचनामा करविणारे तहसीलदार, अनुदानाची यादी पाठविणारे तहसीलदार, दौऱ्याचा बंदोबस्त नीट पार पडावा म्हणून वरून ज्यांस फोन येतो तेही तहसीलदार. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ज्या खुर्चीविषयी, मोर्चा ज्या खुर्चीसमोर, त्याच खुर्चीने ठरवावयाचे की हा शेतकरी शांततेस धोकादायक आहे किंवा नाही. अधिकारी कितीही सज्जन असला, आणि मी सज्जन अधिकारी पाहिले आहेत, तरी ही रचना सज्जनपणाची फार कठीण परीक्षा घेते. शेजाऱ्याने सरकविलेल्या बांधाची मोजणी त्याच शेजाऱ्याकडून करून घेण्यासारखे ते आहे.

यास्तव आमचे मत असे आहे. आधी अटक करण्याची सत्ता सर्वस्वी काढून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. कोणी रॉकेलचा डबा व काडेपेटी घेऊन गोदामाकडे निघाला असेल तर गोदाम पेटेपर्यंत पोलिसांनी उभे राहावे काय? परंतु त्या सत्तेचा वापर व्हावयाचा तर धोका अमुक, माणूस अमुक, वेळ अमुक, आणि दुसरा उपाय करून पाहिला तो अमुक, हे प्रत्येकाविषयी वेगळे लिहिले जावे. एकाच वाक्यात अकरा नावे बसत असतील तर ते वाक्य पुरावा नव्हे. काळा झेंडा दाखविणे, घोषणा देणे, निवेदन घेऊन कचेरीवर जाणे हे स्वतः गुन्हे नाहीत. तेव्हा ते टाळण्यासाठी कलम १७० वापरता येत नाही. पाहुण्याच्या दौऱ्यात त्यास अप्रिय काही दिसू नये, ही सोय आहे; शांतता नव्हे. आणि शांततेच्या मुचलक्याची चौकशी ज्याच्यावर गाऱ्हाणे आहे त्या कचेरीकडे न राहता न्यायिक दंडाधिकाऱ्याकडे जावी, ही मागणी शेतकऱ्यांच्या मंडळांनी ठरावाने करावी.

आपण काय करावे

मागणी मान्य होईपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करावे. मोर्चा काढणाऱ्यांनी मार्ग, वेळ, अंदाजे संख्या व जबाबदार स्वयंसेवकांची नावे लिहून ठाण्यास व तहसील कचेरीस आधी पत्र द्यावे, आणि पोच घ्यावी. रुग्णवाहिका व शाळेच्या गाड्यांस वाट देऊ असे त्याच पत्रात लिहावे व तसे वागावे. 'अटकेवाचून दुसरा उपाय नव्हता' असे पुढे कोणी म्हणू लागल्यास हा पोच असलेला कागद बोलतो.

पोलिसांनी १६८ कलमाची नोटीस दिली तर ती फाडू नये, टाकून देऊ नये. ती नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. तिचे लेखी उत्तर द्यावे व प्रत ठेवावी.

अटक झालीच तर कारण विचारावे आणि ते लेखी मागावे. घरच्या माणसास कळविण्याचा व वकिलास भेटण्याचा हक्क आहे, तो बजावावा. चोवीस तासांचा हिशोब ठेवावा. पोलिसांशी हुज्जत किंवा झोंबाझोंबी करू नये. तीतून नसलेला गुन्हा जन्मास येतो.

कचेरीत मुचलक्याचा कागद पुढे आला म्हणजे तो वाचल्याखेरीज सही करू नये. खबरीचा सारांश मागावा. 'मला खबर मान्य नाही, चौकशी करावी' हे चार शब्द रोजनाम्यात लिहून घेण्याचा आग्रह धरावा. संध्याकाळ झाली, घरी जावयाचे आहे, गुरांना पाणी पाजावयाचे आहे, म्हणून शंभरांतील नव्वद जण सही करतात, हे मी पाहिले आहे. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु ती सही वर्षभर मानेवर राहते. मध्यंतरी काही गडबड झाली तर रक्कम जप्त होण्याचा प्रसंग येतो, आणि जामीनदार म्हणून ज्या भावकीतल्या माणसाने आपला सातबारा जोडला त्याचीही मान अडकते. हुकूम होऊनही मुचलका न दिल्यास कैद होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून हे सर्व वकिलाच्या सल्ल्याने करावे. वकिलाची ऐपत नसेल त्याने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. हुकूम अन्यायाचा वाटला तर सत्र न्यायालयाची वाट मोकळी आहे.

शेवटचे सांगणे माझ्या व्यवसायबंधूंस, म्हणजे जे आज त्या टेबलावर बसले आहेत त्यांस आहे. कारकुनाच्या हाती हुकूम नसतो, हे मला ठाऊक आहे. परंतु टिपण असते. 'सर्व अर्जांतील मजकूर एकसारखा आहे. प्रत्येकाविषयी स्वतंत्र आधार दिसत नाही. आदेशार्थ सादर' एवढी एक ओळ लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही, आणि ती लिहिली म्हणजे वर सही करणारास क्षणभर थांबावे लागते.

त्या वृद्ध गृहस्थांस मी पुढे एकदा बाजारात पाहिले. त्यांनी ओळखले व रामराम केला. त्यांच्या मनात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे त्या दिवशी वाटले. मी लिहावयाची राहून गेलेली ती ओळ आज या मासिकात लिहीत आहे. उशीर झाला आहे खरा; परंतु पुढच्या यादीतील नावे अद्याप जिवंत माणसांची आहेत.